गास्त्रेच्या वाटेवर, टेपशिवाय

आबेलार्दोने गाडीतला टेप उपसून काढला
आणि म्हणाला, आत धूळ गेलीय, आठवडा लागेल.
दाढ काढल्यावर निदान कापसाचा बोळा तरी देतात.
इथे नुसतं चौकोनी भोक,
आणि त्यातून लोंबणाऱ्या सहा वायरी:
लाल, पिवळी, काळी,
आणि तीन कुणाच्याच नाहीत अशा.

पहिल्या दिवशी सवयीने हात गेला तिकडे
तर बोटांना बटण नाही, वारा लागला,
इंजिनाकडून येणारा, कोमट, तेलकट.

मग एकेक ऐकू यायला लागलं.
आधी खडी. ती उतारावर बारीक दळते
आणि वळणावर चिडते.
मग मागच्या दाराचं सुटलेलं रबर.
मग बर्फाच्या पेटीत लशीच्या कुप्या,
थंडीने दातावर दात वाजावेत तशा.
आणि डावीकडून कुठूनतरी एक टकटक,
इस्तेबानने ही गाडी मला विकली तेव्हापासूनची असणार.
अकरा वर्षं मी तिच्यावर गाणी पांघरत होते.

गाण्यांवाचून अडत नाही म्हणा.
पण दुपारी साडेबाराला रेडिओवर निरोप वाचतात,
फोन पोचत नाही अशा माळावरच्या घरांसाठी:
नाहुएलकिर कुटुंबास, आईला दवाखान्यातून सोडलं,
गुरुवारी फाट्यावर घोडा घेऊन या.
दोन रामोस यांस, लोकरीचा ट्रक येणार नाही,
वाट पाहू नये.
परक्यांच्या ताटातलं हे रोजचं जेवण
मी कधी चुकवलं नव्हतं.
आता साडेबाराला गाडी कडेला घेते,
माते ओतते,
आणि भोकाकडे बघत बसते
चूल न पेटलेल्या घरी आलेल्या पाहुणीसारखी.

नवव्या दिवशी
ग्रेडर चालवणाऱ्या सेलेस्तीनोने लांबूनच हात केला,
दोन्ही हात. हसत होता.
मी उतरून चारही टायर पाहिले. ठीक होते.

दोन्या एर्मिन्दा कुंपणाशीच उभी.
म्हणाली, तुला निरोप होता.
काल होता. परवाही होता.
माझ्या पोटात गोळा.
आई त्रेलेवला एकटी, ब्याऐंशीची.
काय निरोप, दोन्या?
ती म्हणाली, आधी बकरी धर.
बेचाळीस बकऱ्या. बेचाळीस सुया.
शेवटची सुटली तसे तिने हात पुसले,
निवेदकाचा आवाज काढला आणि म्हणाली:
जनावरांच्या डॉक्टरीणबाई मिर्ता यांस,
असतील तिथे.
गाडीचा टेप दुरुस्त झाला आहे.
येऊन घेऊन जाणे. आबेलार्दो.

आम्ही इतक्या हसलो की बकऱ्या कोपऱ्यात दडल्या.
तीन दिवस सगळ्या माळाला माहीत होतं,
माझ्या गाडीत काय नाही ते,
एकटी मी सोडून.

परतताना तिचा नातू माझ्याबरोबर.
नेउएन, सात वर्षांचा, वसतिगृहाच्या शाळेत निघालेला,
मांडीवर उशीच्या अभ्र्यात बांधलेले कपडे.
वीस किलोमीटर गप्प.
मग पुढे वाकला,
भोकाला तोंड लावलं
आणि जाड आवाजात सुरू झाला:
हवामान. आज वारा. उद्या वारा.
परवा थोडा वारा.
आता निरोप.
सेलेस्तीनो यांस, रस्ता नीट करावा,
डॉक्टरीणबाईंचं डोकं छपराला आपटतं.
पांढऱ्या बकरीस, मी मे महिन्यात येतो.
मग तो थांबला.
एक वायर बोटाला गुंडाळली, पिवळी, परत सोडली.
नेउएन यास,
शाळेत पोचल्यावर रडायचं नाही. आजी.

खडी दळत होती. टकटक चालू होती.
मी काहीच बोलले नाही.
निरोप चालू असताना
आमच्याकडे कुणी मधे बोलत नाही.